गावातल्या लहान ख्रिस्ती मंडळीचा आठवडा कसा चालवावा?

जय ख्रिस्त, भाऊ.

तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे वाचणाऱ्या इतरांनाही उत्तर कशाचं आहे ते कळेल. तासगाव तालुक्यातलं गाव, भाड्याच्या खोलीत भरणारी मंडळी, लहान-मोठी धरून तीस-पस्तीस माणसं. पाळक दुसरीकडे गेले आणि वडीलजनांनी जबाबदारी तुमच्यावर टाकली. तुम्ही बेदाण्याच्या शेडवर हजेरी आणि हिशेब लिहिता, बायबल कॉलेजला गेलेला नाहीत. रविवारी खोली भरते, पण बुधवारच्या प्रार्थनेला चारच माणसं येतात. शहरातून आलेले एक सुवार्तिक म्हणाले, बाजारात येशूची ओळख सांगणाऱ्या छापील पत्रिका वाटा. वडीलजन म्हणतात, नको, गाव नाराज होईल. आणि एका बहिणीने प्रार्थना झाल्यावर शुगरच्या गोळ्या बंद केल्यात, तिला काय सांगावं ते तुम्हाला सुचत नाही.

मी सांगली-मिरज पट्ट्यात सव्वीस वर्षं पाळक आहे. आमचीही मंडळी मोठी नाही. जे जमलं ते सांगतो, जिथे चुकलो तेही सांगतो. सुरुवात गोळ्यांपासून करतो. बाकीचं पुढच्या आठवड्यावर गेलं तरी चालेल, हे चालणार नाही.

त्या बहिणीकडे आजच जा. एकटे जाऊ नका, मंडळीतल्या एखाद्या थोरल्या बाईला बरोबर घ्या. तिच्या विश्वासाला दुखवू नका. तिने देवावर भरवसा टाकला यात चूक काही नाही. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं तिला वाटलं, तिथे चुकलं. तिला म्हणा, ‘ताई, देवानं बरं केलं असेल तर ते रक्ताच्या रिपोर्टातही दिसेल, मग डॉक्टर स्वतःच गोळी कमी करतील. तोवर गोळी चालू ठेव, प्रार्थनाही चालू ठेवू.’ तिच्याबरोबर दवाखान्यात जा. आणि पुढच्या रविवारी कुणाचं नाव न घेता सगळ्या मंडळीला हेच सांगा, कारण एकीने गोळ्या बंद केल्या म्हणजे आणखी दोघातिघांच्या मनात ते घोळत असतंच.

आपल्या भागातल्या ख्रिस्ती माणसाला खरं तर हा गोंधळ पडायला नको. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचं रुग्णालय सुरू झालं. आज मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने दिसतात, पलीकडच्या कर्नाटकातून रोज रुग्ण येतात, त्याची मुळं तिथवर जातात. वानलेसवाडी हे नावही त्यांचंच. मिशनरी आणि सर्जन एकच माणूस होता. आजारी माणसासाठी गुडघे टेकणं आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया करणं ही दोन्ही कामं त्याने एकाच प्रभूची मानली.

हे मला माहीत असूनही मी एकदा चुकलो. पाळक होऊन दुसरंच वर्ष होतं. पावसाळ्याचे दिवस, दिवेलागणीची वेळ. आमच्या मंडळीतले एक गृहस्थ दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मोटारसायकलवर मधे बसवून माझ्या दारात आले. उसात साप चावला होता. दवाखान्याचा रस्ता माझ्या घरावरूनच जात होता, पण ते आधी माझ्याकडे थांबले. मी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना करत राहिलो. मुलाच्या पायावर बापाने स्वतःचा रुमाल करकचून आवळला होता, पाय निळा पडत चालला होता आणि मी डोळे मिटून उभा होतो. शेजारी राहणारी आमच्याच मंडळीतली नर्स धावत आली आणि माझ्यावर ओरडली, ‘पास्टर, गाडीत घाला त्याला!’ तेव्हा मी भानावर आलो. मिरजेला पोचलो, लस मिळाली, मुलगा वाचला. आज तो ट्रॅक्टर चालवतो. ती पंधरा मिनिटं मात्र माझ्या हिशेबी आहेत. मी देवाजवळ क्षमा मागितली आणि त्या बापाजवळही मागितली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: गाडी आधी सुरू करायची, प्रार्थना गाडीत.

याला कायद्याचीही बाजू आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला, तोच हा कायदा. त्यांच्या खुनानंतर तो आला. आपल्यातले काहीजण त्याच्याकडे संशयाने बघतात. मला तो कधी आड आला नाही. आजाऱ्यासाठी वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी असं याकोबाच्या पत्रात आहे, ती आम्ही आजही करतो. औषध थांबवा असं त्या अध्यायात कुठेही नाही.

आता बुधवार. चार माणसं येतात याचा अर्थ बाकीच्यांची भक्ती थंड झाली असा लगेच काढू नका. तुमची वेळ सातची आहे. सातला तुमच्या गावात बाया धार काढून डेअरीला दूध घालायला निघालेल्या असतात, नाहीतर चुलीपुढे असतात. ज्या आठवड्यात शेतीपंपाची लाइट रात्रीची असते, त्या आठवड्यात पुरुष पाणी पाजायला मळ्यात. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी लागली की महिनाभर माणूस हाताला लागत नाही आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी आणि बेदाणा. तुम्ही स्वतः शेडवर असता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. वेळ सव्वाआठ करा. पाऊण तासात उठा. पंचेचाळीस मिनिटं म्हटलं की पंचेचाळीसच. दिवसभर वाकून काम केलेल्या बाईला ‘आता संपेल, मग संपेल’ करत दहा वाजेपर्यंत बसवणं बरं नव्हे. आणि बुधवारी दुसरा उपदेश नको. पाच-सात ओव्या वचन वाचा, दोन वाक्यांत अर्थ सांगा, मग प्रार्थना.

खोलीत घेण्यापेक्षा घरोघरी आळीपाळीने घ्या. आमच्याकडे या गोष्टीत एक काटा रुतला होता, तो बरीच वर्षं मला दिसला नाही. एक कुटुंब प्रार्थना आपल्या घरी घ्यायला कधीच तयार होत नव्हतं, काही ना काही कारण निघायचं. मला वाटायचं, नवऱ्याचा विरोध असेल. शेवटी त्या मावशी माझ्या बायकोला म्हणाल्या, ‘सगळ्यांच्या घरी पोहे असतात, केळी असतात. आमच्याकडं वीस माणसांना चहा द्यायचा तर आठवड्याचं दूध जातं.’ त्या बुधवारपासून आम्ही ठरवलं, बंगला असो की पत्र्याची खोली, प्रार्थनेला फक्त पाणी. कुणी आग्रह केला तरी पाणीच. पुढच्याच महिन्यात त्या मावशींच्या घरी प्रार्थना झाली.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे लिहायला बसलो ती सांगतो. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखा. तारीख, नाव, विनंती आणि चौथा रकाना ‘परत गेलो’. पहिले तीन रकाने बहुतेक मंडळ्यांत कुठे ना कुठे लिहिले जातात. चौथा नसतो. आमच्याकडेही नव्हता. एका आईने तिच्या मुलाच्या नोकरीसाठी विनंती मांडली होती, सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं होतं. दोन महिन्यांनी ती मला म्हणाली, ‘पास्टर, आमेन सगळ्यांनी म्हटलं, पण नंतर पोराचं काय झालं ते कुणी विचारलंच नाही.’ मुलाला नोकरी लागली नव्हती. तो दारूला लागला होता आणि हे आम्हाला गावाकडून कळलं.

त्यानंतर चौथा रकाना आला. विनंती आली की आठवड्याच्या आत मंडळीतलं कुणीतरी त्या घरी जातं आणि जाऊन आल्यावर दोन ओळी लिहितं. तुम्हाला अंदाज यावा म्हणून एक नोंद सांगतो. विनंती होती: ‘सुनेला आठवा महिना, रक्त कमी.’ चौथ्या रकान्यात आमच्या एका आजींच्या अक्षरात: ‘शनिवारी गेले. गोळ्या घेत नव्हती, पोटात मळमळतं म्हणून. आशाताईला बोलावलं. जेवणानंतर घ्यायला सांगितलं. सासू ऐकते आहे.’ खाली तीन आठवड्यांनी: ‘मुलगी झाली. दोघी बऱ्या.’ माझ्या लेखी प्रार्थना ही अशी, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत. बुधवारची हजेरी यानेच वाढते. आपलं नाव कुणीतरी लक्षात ठेवतं हे कळलं की माणूस वेळ काढतो.

वहीत सगळं लिहायचं नाही. नवराबायकोचं भांडण, कुणाचं व्यसन, कुणाच्या मुलीचं स्थळ मोडलं, अशा ठिकाणी फक्त ‘घरची बाब’ एवढंच. वही पाळकाच्या किंवा एका वडीलजनाच्या घरी कुलपात. आणि मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आजाऱ्याचं नाव आणि रिपोर्टाचा फोटो टाकायची सवय पहिल्या दिवसापासून मोडा. प्रार्थनेच्या विनंतीची चावडीवरची बातमी व्हायला एक दिवस पुरतो, आणि एकदा तसं झालं की खरी दुखणी कुणी मांडत नाही.

लोकांना प्रार्थना करायला शिकवा म्हणजे आपल्या बोलीत करायला शिकवा. नव्या माणसाला वाटतं, पुस्तकी बोललं तरच देव ऐकतो. आमच्याकडे एक आजी वर्षभर गप्प बसायच्या. एकदा धीर करून म्हणाल्या, ‘देवा, म्हशीनं पान्हा चोरलाय, पोराची फी भरायची हाय, तू बघ.’ त्या दिवशी त्या खोलीतली सगळ्यात चांगली प्रार्थना तीच होती आणि मी तसं सगळ्यांसमोर म्हणालो. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणलं, ते साध्या खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. त्या १९२२ साली गेल्या, संपूर्ण छपाई १९२४ साली बाहेर आली. मरणाच्या दारापर्यंत त्यांनी ज्यासाठी कष्ट घेतले, ती साधी भाषा आपण प्रार्थनेतून हाकलू नये.

उपवास प्रार्थना महिन्यातून एक शुक्रवार पुरे. शुगरवाले, गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया यांनी उपवास धरायचा नाही, हे दर वेळी उभं राहून सांगा, एकदा सांगून भागत नाही. रात्रभराची प्रार्थना घ्याल तर स्पीकर नको. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहेच, आणि बंदी नसती तरी शेजाऱ्याच्या दहावीच्या पोराची झोप मोडून केलेली प्रार्थना मला पटत नाही.

रविवारचं तुमचं बरं चाललंय, त्यात मी फार लुडबुड करत नाही. दहा म्हणजे दहाला सुरू करा, पाच माणसं असली तरी. उपदेश अर्ध्या तासाचा. साक्ष देणाऱ्याला तीन मिनिटं, आणि आदल्या दिवशी तो काय सांगणार ते ऐकून घ्या. मुलांची संडे स्कूल ज्याला लेकरांचा खरोखर लळा आहे त्याच्याकडे द्या, रिकामा आहे त्याच्याकडे नको. दोन मोठी माणसं खोलीत आणि दार उघडं. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीच्या चार गोष्टी आहेत: शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. त्यात सहवासावर आपलं बहुतेक वेळा दुर्लक्ष होतं. उपासना संपल्यावर चपला शोधता शोधता जी दहा मिनिटं माणसं बोलतात, तिथे उभे राहा. वहीतल्या निम्म्या विनंत्या तिथे मिळतात.

गाण्यांबद्दल मात्र बोलतोच. तुम्ही म्हणता, तरुणांना कीबोर्ड हवाय. घ्या, पण पेटी-तबला अडगळीत टाकू नका. सतारी-तंबोऱ्यांसाठी देशभर नाव असलेली मिरज तुमच्यापासून तासाभरावर आहे. पेटीचा भाता फाटला तरी दुरुस्त करून देणारे हात तिथे आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-भजनाच्या चालीत आणली म्हणून ती आपल्या आजीच्या ओठी बसली. शेवटच्या काळात, १९१७ साली, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे दोघेही त्यात बसत. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार टिकला नाही. तरी दार एवढं मोकळं ठेवणारा माणूस आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात होऊन गेला, हे तुमच्या तरुणांना माहीत असावं. ज्याला अजून काही ठरवता आलेलं नाही त्यालाही मागे एक चटई असावी, आणि ‘तू कधी ठरवणार’ असं दर रविवारी कुणी विचारू नये.

इथून सुवार्तेकडे येतो. पत्रिकांच्या बाबतीत मी तुमच्या वडीलजनांच्या बाजूचा आहे, पण भीतीपोटी नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलंय. या दोन गोष्टी वडीलजनांना नीट समजावून द्या आणि सध्याच्या नियमांसाठी तालुक्याच्या वकिलाला भेटून घ्या. सुवार्ता सांगायची लाज नको, चोरटेपणाही नको. मला येशू भेटला नसता तर मी आज कुठे असतो हे मला माहीत आहे, आणि कुणी विचारलं तर मी रात्री दोनलाही उठून सांगेन. पण सव्वीस वर्षांत आमच्याकडे जी माणसं आली, ती कुणीतरी त्यांच्या घरी गेलं होतं म्हणून आली. बाजारात हातात पडलेला कागद वाचून आलेलं एकही माणूस मला आठवत नाही.

आमच्या काही मर्यादा आहेत, त्या आम्ही ओलांडत नाही. धान्य, फी, औषध, नोकरी यांच्याबरोबर त्याच तोंडाने सुवार्ता नाही. कुणाच्या देवाबद्दल वाईट शब्द नाही. आईबापांना विचारल्याशिवाय लेकरांना गोळा करणं नाही. मे महिन्यातल्या व्हीबीएसला, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल वर्गालाही, पालकांची सही घेतो. दवाखान्यात रुग्णाने किंवा घरच्यांनी म्हटल्याशिवाय प्रार्थना नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्हाला आठवत असेल. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या सभागृहात तेव्हा अकरा दिवस कुटुंबं राहिली, नदीकाठच्या गल्ल्यांमधली, सगळ्या समाजांची. आमची संध्याकाळची प्रार्थना आम्ही गच्चीवर छत्र्या घेऊन केली. खाली ओल्या कपड्यांत बसलेल्या माणसाला ‘चला प्रार्थनेला’ म्हटलं तर तो नाही कसं म्हणेल? पाणी ओसरल्यावर घरी जाणाऱ्यांना चटई, खराटा, फिनेल, तांदूळ असं बांधून देत होतो. आमच्याच एका तरुणाने प्रत्येक पिशवीत पत्रिका घातली होती, मन लावून, रात्री जागून. मी त्याच्याबरोबर बसून एकेक पत्रिका बाहेर काढली. त्याला वाईट वाटलं. मी त्याला एवढंच म्हणालो, ‘यांची नावं वहीत लिही आणि दिवाळीच्या आत प्रत्येकाच्या घरी जाऊन भिंत वाळली का बघून ये.’ तो गेला. त्यातल्या एका घरच्या काकू अजून दर संक्रांतीला आमच्याकडे तिळगूळ घेऊन येतात. त्यांच्या घरातून कुणी मंडळीत आलं नाही. आमचं येणंजाणं आहे, त्यांच्या गुडघ्यांसाठी आम्ही प्रार्थना करतो आणि त्यांना ते माहीत आहे.

ऊसतोडीची माणसं दिवाळीच्या सुमारास येतात आणि उन्हाळा लागताना परत जातात. त्यांच्यातही आम्ही असेच जातो, फडावर कामाच्या वेळी कधीच नाही. संध्याकाळी त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर जातो, लेकरांना पाटी-पेन्सिल, तापाचं कुणी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सोबत. चौथा रकाना इथे खरा कळतो, कारण ही माणसं सहा-सात महिने दिसतच नाहीत. एका वर्षी पहिल्याच आठवड्यात आमच्या एक बहीण मागच्या वर्षीची वही घेऊन कोपीवर गेल्या आणि विचारलं, ‘धाकटीचा कान वाहत होता, थांबला का?’ ती आई भाकरी थापत होती. हात पिठातच ठेवून ती नुसती बघत राहिली. मग तिने मुलीला हाक मारली, केस बाजूला करून कान दाखवला आणि म्हणाली, ‘गावाकडं बी कुणी इचारलं न्हाई.’

तुमचं क्षेत्र तर तुमच्या पायाखाली आहे. शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायांची हजेरी तुम्ही लिहिता. अर्धा दिवस की पूर्ण, वजन किती, उचल किती कापली, हे तुमच्या पेनातून उतरतं. त्यांच्यापैकी बहुतेकींना ते वाचता येत नाही. तुम्ही दर शनिवारी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. गावाला तुमच्या प्रभूची पहिली ओळख तिथून होऊ द्या.

कुणी बाप्तिस्मा मागितला तर घाई करू नका. माणूस वयाने मोठा असावा, काही महिने शिकवणीला बसलेला असावा, घरच्यांना माहीत असावं. अनुसूचित जातीतला असेल तर आधीच स्पष्ट सांगा की १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच अनुसूचित जातीची सवलत आहे. ख्रिस्ती झाल्यावर राहत नाही. त्याच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे. हे झाकून बाप्तिस्मा देणं म्हणजे फसवणूक, आणि हे आपल्यात फार ठिकाणी झाकलं जातं याचं मला दुःख आहे. कागदावर एक आणि मनात एक असं जगायला लावून आपण माणसाच्या विश्वासात पहिल्याच दिवशी खोट घालतो. जागा म्हणाल तर हरिपूरच्या संगमासारखी, इतरांना पवित्र असलेली ठिकाणं टाळा. तुमच्याकडे द्राक्षबागांची शेततळी दिसतील, तिथेही नको. आतला प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, कडेला पाय ठरत नाही, पोहणारा माणूससुद्धा त्यात अडकतो. मळ्यातला कमरेएवढा सिमेंटचा हौद उत्तम.

पैशाचं थोडक्यात. अर्पण दोघांनी मोजायचं, तिथेच वहीत लिहायचं, दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत. खातं मंडळीच्या नावाने, तुमच्या नावाने कधीच नाही. नोंदणी झालेली असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे दरवर्षी हिशेब तपासून घ्या, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. परदेशातून कुणी प्रेमाने पाठवतो म्हणालं तरी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसताना एक रुपयाही घेऊ नका. कापणीचा सण बेदाणा निघाल्यावर धरा, म्हणजे लोकांच्या हातात प्रथमफळ असेल. नंतरच्या लिलावात नारळ आणि कोंबड्यांबरोबर बेदाण्याची पाटी लागली की लेकरंसुद्धा बोली लावतात. त्या दिवशी शेजाऱ्यांना जेवायला बोलवा.

बायबल कॉलेजला न गेल्याची खंत तुम्ही बोलून दाखवलीत. शिकायला मिळालं तर जरूर शिका. तोवर एक शुभवर्तमान धरून दर आठवड्याला थोडं थोडं शिकवा, पुढे-मागे उड्या नकोत, आणि जे कळलं नाही ते मला विचारा. कुणीतरी वडीलधारा पाळक असा ठेवा की जो तुम्हाला रागावू शकेल.

मी दर गुरुवारी सकाळी मिरज सिव्हिलला असतो. नातेवाइकांसाठी डबे घेऊन जातो, परवानगी काढलेली आहे. कानडी बोलणाऱ्या आमच्या एक बहीण सोबत असतात, कारण विजापूर-अथणीकडची माणसं बरीच असतात. एखाद्या गुरुवारी शेडवरून सुट्टी काढून या, डबे उचलायला हात लागतातच. आणि त्या बहिणीचा शुगरचा रिपोर्ट काय आला ते मला फोन करून सांगा, मी वहीत तिचं नाव लिहून ठेवलंय.